पन्नास कासवांचं टार्गेट

जीवसेतू प्राणिसंग्रहालयातून यंदा पन्नास कासवं नदीत सोडली जातील, असं दिग्विजय सरांनी जानेवारीत जाहीर केलं, तेव्हा परवीनच्या वाळूच्या खोलीत अंडी होती एकूण तेवीस. तिनं हे भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं.

सर हसले. "परवीनताई, टार्गेट आधी ठरवायचं असतं. उत्पादन मागून येतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अंडी घालणारी कासवीण त्या मीटिंगला नव्हती, त्यामुळे तिचं मत विचारायचं राहूनच गेलं.

दिग्विजय सर चाकणला अठ्ठावीस वर्षं एका प्रेस शॉपचे प्रमुख होते. दरवाजाचे पत्रे, बॉनेट, छपराचे पत्रे, असं काय काय त्यांनी लाखांनी काढलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या डब्यांना लेबलं लावायला लागले, तशी बायकोनंच खटपट केली म्हणतात, आणि कंपनीच्या ट्रस्टनं मोशीच्या पुढं काढलेलं हे प्राणिसंग्रहालय त्यांच्या ताब्यात दिलं. जनावरांतलं त्यांना काही कळत नव्हतं. कळावं अशी इच्छाही नव्हती. आल्या आल्या त्यांनी सगळ्या पिंजऱ्यांसमोर पिवळे पट्टे मारून घेतले, तरसाच्या पिंजऱ्यावर ‘आज अपघाताविना दिवस क्रमांक’ असा बोर्ड लावला, आणि अस्वलाच्या मधाची बरणी जिथं ठेवायची तिथं भिंतीवर बरणीची बाह्याकृती रंगवून घेतली. अस्वलानं ती चाटून टाकली. सरांनी ती पुन्हा रंगवून घेतली.

कॅन्टीनच्या दारात एक प्लास्टरचं लेमूर बसवलेलं होतं. खाली पाटी, ‘मादागास्करच्या जंगलांना आमची साथ’. ती साथ म्हणजे नेमकं काय, हे कोणाला माहीत नव्हतं. लोक लेमूरच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे, त्याचा एक कान तुटून हातात यायचा, आणि दर सोमवारी मेंटेनन्सवाले एमसील लावून तो परत बसवायचे. वार्षिक अहवालात या लेमूरला ‘आंतरराष्ट्रीय संवर्धन’ या मथळ्याखाली अख्खं एक पान होतं. वाळूच्या खोलीला चार ओळी होत्या, त्यातल्या दोन चुकीच्या.

खरं तर त्या सबंध आवारात अभिमानानं सांगावं असं काही असेल तर ते त्या खोलीतच होतं.

परवीन इथं आली ती झाडूवाली म्हणून. त्याआधी बारा वर्षं ती रबराचे ऑइल सील तपासायच्या टेबलावर होती. सील बोटांत धरून एकदा फिरवायचं आणि ओके का रिजेक्ट ते सांगायचं. दिवसाला चार हजार सील. ती लाइन कंपनीनं गुजरातला हलवली आणि परवीन घरी बसली. नवरा युनूस चाकणला गॅरेज चालवतो, खायची ददात नव्हती, पण बारा वर्षं ओके-रिजेक्ट करणाऱ्या बाईला घरात बसवलं की ती नवऱ्याला तपासायला लागते. म्हणून युनूसनंच तिला इथं चिकटवलं.

जनावरांच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक दिवस तिला अंडी हाताळताना पाहिलं, आणि झाडू काढून घेतला. नदीतलं मऊ पाठीचं कासव म्हणजे भाकरीसारखं चपटं, सोंडेसारखं नाक, वाळूत डोळ्यांपर्यंत गाडून घेऊन बसणारं. एकेकाळी इंद्रायणीत, भीमेत ते पैशाला पासरी होतं. वाळू उपसून नेली, तशी त्याची अंडी घालायची जागाच गेली. डॉक्टरांनी जाळ्यात सापडून पाय गमावलेली एक मादी सांभाळली, दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाकडून एक नर मागून आणला, वाळूचा उतार बांधला, आणि सहा वर्षं वाट पाहिली. अंडं काढताना वरची बाजू वरच राहिली पाहिजे. चुकून उलटं झालं तर आतला जीव गुदमरतो. परवीन प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारायची आणि मगच हात लावायची. पहिल्या खेपेला एकोणीस पिल्लं निघाली. दोन वर्षांपूर्वी ती तिनं महाळुंग्याच्या डोहात स्वतःच्या हातानं सोडली. कार्यक्रम नव्हता, हार नव्हते, कोणाला कळलंही नाही. त्यानंतर वर्षभरात डॉक्टर वारले.

महाळुंग्याचा तो डोह कंपन्यांच्या नाल्यांतून कसाबसा वाचलेला. त्याच्या काठच्या वाळूवर सोजरबाई आणि तिचे दोन दीर राखण करायचे. कुत्री हाकलायची, वाळूचे ट्रॅक्टर अडवायचे, कुठं अंडी दिसली तर काटे लावायचे. या राखणीचा पगार यायचा कुठून, तर चेक देशातल्या एका गावच्या प्राणिसंग्रहालयातून. ते म्हणे एवढं लहान की पिंपरी कॅम्पातल्या एका गल्लीत मावेल. तिथले लोक तिकिटामागं चार नाणी बाजूला काढायचे आणि ती या डोहासाठी पाठवायचे. त्यांनी हा डोह कधी पाहिला नव्हता. आणि ज्यांच्या गाड्या रोज तीन शिफ्टला त्याच्या शेजारून जातात, त्यांनी तरी कुठं पाहिला होता? त्यांची तर काच खाली होत नाही.

मागच्या दिवाळीत सोजरबाईनं निरोप पाठवला होता. "परवीन, एक दिसलं गं. तळहाताएवढं झालंय. वाळूत नाक काढून बसलं व्हतं." परवीननं त्या दिवशी खोलीत पेढे वाटले. खाणारे दोघंच होते, ती आणि वॉचमन.

मे महिन्यात चेक देशातून त्या प्राणिसंग्रहालयाच्या रेनाटाबाई येणार असं ठरलं, आणि दिग्विजय सरांच्या अंगात संचारलं. तारीख ठरली, मंडप ठरला, पत्रकार ठरले. फक्त कासवं ठरली नाहीत. ती अंडी जूनच्या मध्याशिवाय फुटणार नव्हती.

"लेट का?" सरांनी विचारलं.

"लेट नाहीत, सर. त्यांना तेवढेच महिने लागतात."

"एक्सपिडाइट करा."

"लवकर कशी करू? त्यांना ओव्हरटाइम देऊ?"

शेजारी बसलेल्या मिनलला हसू आलं. ती प्रसिद्धी विभागाची, नुकतीच कॉलेजातून आलेली, आणि तिनं हसू खोकल्यात घालवलं. सरांना विनोद कळत नसत, त्यामुळे परवीन वाचली. ते म्हणाले, "ठीक आहे. मी बघतो." ज्याला कारखान्यांचा थोडा अनुभव आहे त्याला माहीत असतं, की वरचा माणूस ‘मी बघतो’ म्हणाला की खालच्यांनी आवराआवर सुरू करावी. परवीनला अनुभव होता. पण ही गोष्ट कासवांची आहे, यात बघून बघून काय बघणार, असं तिला वाटलं. इथं ती चुकली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी ती कामावर आली, तर तिच्या खोलीच्या ओट्यावर दोन निळे टब. त्यात पाणी, आणि पाण्यात हिरवीगार, गोल पाठीची, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पिल्लं. कानाजवळ लाल पट्टा. माशांच्या दुकानात काचेच्या पेटीत विकायला असतात तीच, परदेशी जातीची. पन्नास.

बाजूला खुर्ची टाकून कंपनीच्या पेंट शॉपमधला पिंटू बसला होता. पन्नाशीचा सरळ माणूस, तीस वर्षं बॉनेटवरचे ओरखडे घालवत आलेला. त्याच्या हातात गाडीच्या टच-अपचा काळा ब्रश होता. एक पिल्लू चिमटीत धरून तो कानाजवळचा लाल पट्टा काळा करत होता.

"हे काय चाललंय, पिंटूभाऊ?"

"सरांनी सांगितलंय. लाल दिसायला नको." त्यानं पिल्लू दुसऱ्या टबमध्ये सोडलं. "दोन कोट मारतोय. गाडीसारखं भट्टीत बेक करता येत नाही ना."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. परवीनला त्याचा रागही धड येईना. तिनं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, त्यानं खिशातून दुसरा काढला.

ती तशीच सरांच्या केबिनमध्ये गेली. दार वाजवायचं भान राहिलं नाही.

"सर, ती दुकानातली कासवं आहेत."

"बॉट-आउट आहेत," सर शांतपणे म्हणाले. "परवीनताई, तुम्ही इंडस्ट्रीत होता, तुम्हाला मी काय सांगायचं? अख्खी गाडी कोणी घरात बनवत नाही. काच बाहेरून येते, टायर बाहेरून येतात. जिथं आपली कपॅसिटी कमी पडते, तिथं व्हेंडर. गिऱ्हाइकाला गाडी मिळाल्याशी कारण."

"ही आपली कासवंच नाहीत! आपलं कासव चपटं असतं, पाठ मऊ असते. पट्टा काळा करून काय होतंय? म्हशीची शिंगं कापून तिला घोडा म्हणाल का?"

"लांबून कोणाला कळतंय? मी शूट बसवतोय, माल घसरत खाली सोडतात तसली. काठावर मंडप, मंडपापासून वीस फुटांवर पाण्यात उतरणारी पत्र्याची घसरगुंडी. वर टब, टबाला झडप. तुम्ही झडप ओढायची, पन्नास पीस अर्ध्या मिनिटात पाण्यात. सायकल टाइम काढलाय मी."

"कुठल्या पाण्यात?"

"महाळुंग्याच्या डोहात. तुमच्या डोहात. तुमचाच मान आहे हा."

परवीननं खुर्चीची पाठ धरली. ही दुकानातली जात म्हणजे खाऱ्या पाण्यातही जगेल आणि गटारातही. वाढते ताटाएवढी. समोर येईल ते खाते, जिथं जाते तिथल्या कासवांना ऊन खायला जागा ठेवत नाही, आणि चाळीस वर्षं मरत नाही. अशी पन्नास त्या डोहात पडली, तर तिथली एकोणीस संपलीच, आणि जूनमध्ये निघणाऱ्या तेविसांना जायला ठिकाण उरलं नाही. हे सगळं तिनं सरांना सांगितलं. नीट, सावकाश सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणं त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

"हे बघा. उद्याचा कार्यक्रम झाला तर तुमची वाळूची खोली राहील. नाही झाला, तर ट्रस्ट मला विचारेल की तेवीस अंड्यांसाठी एवढा एसी, एवढा जनरेटर कशाला. मग मला ती खोली गोडाऊनला द्यावी लागेल. मला तसं करायचं नाही. तुम्हीही मला तसं करायला लावू नका."

सरांच्या मागं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’.

परवीन खोलीत परत आली आणि वाळूच्या पेट्यांसमोर बसली. तेवीस फुल्या वरच्या बाजूला होत्या. बोलावं तर ही तेवीस जातात, गप्प बसावं तर डोह जातो. दुपारी तिचा घरी विसरलेला डबा द्यायला युनूस आला, तर तिनं त्यालाच विचारलं काय करू. युनूस म्हणाला, "तू मला ग्राहकाला नकली पार्ट लावू देतेस का? नाही ना? मग मला कशाला विचारतेस?" आणि गॅरेजला गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेला. डबा द्यायचा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी डोहाच्या काठावर मंडप पडला. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, त्यावर हिरवे बो. स्टेजवर सगळे ट्रस्टी, कंपनीचे दोन मोठे साहेब, गावचे सरपंच अर्जुनराव, आणि मधोमध रेनाटाबाई. साठीची, ठेंगणी, उन्हानं लाल झालेली बाई. हात बघितले की कळत होतं की ती साहेबीण नाही. नखांत माती गेलेले, ओरखडे भरलेले जनावरं सांभाळणाऱ्याचे हात होते ते. मिनल त्यांच्या कानाशी बसून भाषांतर करत होती.

सोजरबाईला मागं, जनरेटरच्या शेजारी उभं केलं होतं. ज्या बाईनं पाच वर्षं ती वाळू राखली तिला खुर्ची नव्हती, पण फेटा बांधून घ्यायला सांगितलं होतं. तिनं तो काढून काखेत धरला होता. टब तिच्या शेजारून नेले जाताना तिनं झाकणाच्या फटीतून आत डोकावलं आणि परवीनचा दंड धरला.

"आगं, ही आपली न्हाईत."

"माहीत आहे, मावशी."

"मंग? हितं सोडनार?"

परवीननं टबचं झाकण दाबून बसवलं. सोजरबाईनं दंड सोडला आणि तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं परवीनला सरांच्या धमकीपेक्षा जास्त लागलं.

भाषणं झाली. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं की कासव हा संयमाचा गुरू आहे, आणि घड्याळ पाहिलं. अर्जुनरावांनी रस्त्याच्या डांबरीकरणाबद्दल बोलून घेतलं. दिग्विजय सर म्हणाले की आज जीवसेतू जगाच्या नकाशावर जात आहे, स्थानिक नदी आणि दूरचा देश यांना जोडणारा हा सेतू आहे, आणि लेमूरचाही उल्लेख केला. मग त्यांनी माइकवरून आकडे मोजायला सुरुवात केली. दहा, नऊ, आठ. कंपनीत नवी प्रेस सुरू करतात तशी.

परवीन घसरगुंडीच्या वरच्या टोकाला झडपेचा दांडा धरून उभी होती. तीन, दोन, एक.

टाळ्या वाजल्या. दांडा हलला नाही.

"ओढा," सर माइकमध्येच म्हणाले.

परवीननं टबचं झाकण उघडलं, आत हात घालून एक पिल्लू काढलं, आणि मंडपाकडं चालायला लागली. स्टेजच्या पायऱ्या चढून ती रेनाटाबाईंसमोर उभी राहिली आणि पिल्लू त्यांच्या तळहातावर ठेवलं. इंग्रजी तिला येत होतं ते तपासणीच्या टेबलापुरतं. तेवढंच तिनं वापरलं.

"मॅडम. नॉट ओके. व्हेंडर पीस. ऑल फिफ्टी, रिजेक्ट."

रेनाटाबाईंनी चष्मा वर केला. पिल्लाची कडक पाठ बोटानं ठोकली, मग अंगठ्याला थुंकी लावून त्याच्या कानाजवळ घासलं. दोन कोट होते, तरी निघाले. खाली लाल पट्टा. बाईंचा अंगठा काळा झाला. त्या आपल्या भाषेत एक शब्द म्हणाल्या, ज्याचं कुठल्याच भाषेत भाषांतर करायची गरज नसते. मग इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, "माझ्या तळ्यात अशी तीनशे आहेत. लोक विकत घेतात आणि कंटाळले की आमच्या दारात टाकतात."

मिनलनं घाबरून माइकमध्ये भाषांतर केलं. "मॅडम म्हणतात की त्यांच्याकडं तीनशे झालेली आहेत. आपल्यालाही तिथपर्यंत पोचायचं आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रेनाटाबाई उठल्या, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, आणि थेट घसरगुंडीपाशी गेल्या. सर त्यांच्या मागं हसत हसत धावले. पिंटूच्या मनात काय आलं कोण जाणे, कार्यक्रम अडकलाय म्हणून मदतीला त्यानं झडपेकडं हात नेला. बाईंनी त्याचा हात बाजूला केला आणि त्या सरळ पत्र्याच्या घसरगुंडीवर आडव्या बसल्या, हातांची घडी घालून. मे महिन्याच्या अकराच्या उन्हात तापलेला पत्रा. त्या बसल्या त्या बसल्याच.

दिग्विजय सर दहा मिनिटं त्यांच्याशी इंग्रजीत बोलले. मग स्टेजवर परत येऊन त्यांनी जाहीर केलं की काही तांत्रिक कारणामुळे विमोचन सोहळा प्रतीकात्मक स्वरूपात संपन्न झाला आहे, सर्वांनी अल्पोपाहार घेऊन जावा. लोकांनी अल्पोपाहार घेतला. समोसे गरम होते, तक्रार कोणाचीच नव्हती.

दोन्ही टब टेंपोत परत चढवले तेव्हा सोजरबाईनं आतली पिल्लं स्वतः मोजून घेतली. मग ती परवीनजवळ आली आणि काखेतला फेटा तिच्या डोक्यावर कसातरी गुंडाळला. "चुकलं माजं," एवढंच म्हणाली.

दुपारी रेनाटाबाई वाळूच्या खोलीत आल्या. तिथं दाखवायला काही नव्हतं. वाळू, पेट्या, थर्मामीटर, तेवीस फुल्या. त्या स्टूल ओढून बसल्या आणि अर्धा तास पेट्यांकडं पाहत राहिल्या. जाताना त्यांनी सरांच्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच एक कागद लिहिला. राखणीचे पैसे येतील, खोलीच्या विजेचेही येतील, पण ही खोली आणि ही बाई दोन्ही जागेवर असेपर्यंतच. सरांनी सही केली. त्यांना सही करताना परवीननं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला परदेशी कागदावर प्रेम बसलं.

जिंकली की ती. अंडी राहिली, डोह राहिला. त्या संध्याकाळी युनूसनं गॅरेज लवकर बंद करून बिर्याणी आणली, आणि परवीन चार घास जास्त जेवली.

पण दिग्विजय सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. प्रसिद्धीचं पत्रक त्यांनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच सगळीकडं पाठवून ठेवलं होतं. अठ्ठावीसही वर्षं त्यांनी माल निघायच्या आधी डिस्पॅचची नोंद केली होती, आता कशी सवय मोडणार? पेपरात बातमी छापून आली, ‘महाळुंगे येथील डोहात पन्नास कासवांना जीवदान’. खाली सरांचा हसरा फोटो. आणि त्याखाली त्यांचं आवाहन, ‘संवर्धन ही केवळ प्राणिसंग्रहालयाची जबाबदारी नसून प्रत्येक कुटुंबाने यात आपला खारीचा वाटा उचलावा.’

परवीननं मिनलला ती बातमी मागं घ्यायला सांगितली. मिनल म्हणाली, "ताई, छापलेली बातमी कशी मागं घेणार? आणि चांगलीच तर आलीये."

परत आणलेल्या पन्नास कासवांसाठी सरांनी हरणांच्या बाजूला एक नवं टाकं बांधायला घेतलं. पाटीही रंगवून आली, ‘आंतरराष्ट्रीय कासव दालन’. पिंटूनं ती झकास रंगवली होती.

रविवारी सकाळी परवीन कामावर होती, तेव्हा सोजरबाईचा फोन आला. ती फोनवर नेहमीच ओरडून बोलायची, पण आज वेगळं ओरडत होती. "आगं ये लौकर! मानसं आल्याती! बादल्या घिऊन आल्याती!"

परवीननं युनूसला बोलावून घेतलं आणि त्याच्या मागं गाडीवर बसली ती अंगावरच्या युनिफॉर्मनिशीच. डोहाच्या रस्त्यावर चारचाकी गाड्यांची रांग लागली होती. मोशीच्या नव्या सोसायट्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं उतरत होती. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या हातात टिफिन, कोणाच्या हातात झाकणाला भोकं पाडलेला आइस्क्रीमचा डबा. आत तीच ती, लाल पट्ट्याची. वाढदिवसाला आणलेली, टाक्यात मावेनाशी झालेली, घाण वास येतो म्हणून बाल्कनीत ठेवलेली. काही बशीएवढी, एकदोन ताटाएवढी. लोकांचे चेहरे देवळात आल्यासारखे प्रसन्न होते.

सोजरबाई काठावर आडवी उभी राहून दोन्ही हात पसरून ओरडत होती. तिच्या दोन्ही बाजूंनी लोक जात होते.

परवीन पाण्याच्या कडेला पळत गेली. दीपमाला नावाच्या एक बाई, म्हणजे नाव तिला त्यांच्या नवऱ्यानं हाक मारली म्हणून कळलं, गुडघ्यापर्यंत साडी खोचून एक मोठं कासव पाण्यात सोडत होत्या. सोडलं, आणि हात जोडले.

"अहो, काय करताय! ही इथली नाहीत! ही इथल्या कासवांना खातील!"

"असं कसं?" दीपमालाबाई दुखावल्या. "प्राणिसंग्रहालयानंच सोडलीत ना पन्नास? पेपरात आलंय. आम्ही काय मनानं आलो का?"

"सोडली नाहीत! एकही सोडलं नाही! मी स्वतः होते तिथं!"

दीपमालाबाईंनी तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग त्यांच्या नवऱ्यानं मोबाईलमधली बातमी काढून परवीनच्या डोळ्यांसमोर धरली. मोठी बातमी होती. खाली फोटो होता. परवीनच्या तोंडच्या शब्दापेक्षा ती केव्हाही खरी दिसत होती.

ती पाण्यात उतरली. कमरेपर्यंत जाऊन गाळात हात घालून चाचपायला लागली. बोटांना दगड लागले, पिशव्या लागल्या, एकदा काहीतरी कडक आणि गोल हाताखालून सटकलं. युनूस काठावरच्या लोकांकडून डबे हिसकावून घेत होता आणि शिव्या खात होता. मागच्या गाड्यांमधून आणखी लोक उतरत होते.

तिच्या शर्टाच्या पाठीवर मोठ्या हिरव्या अक्षरात ‘जीवसेतू’ लिहिलेलं होतं. ते वाचून एक गृहस्थ चप्पल हातात घेऊन अदबीनं पाण्यात आले. दुसऱ्या हातात बादली होती.

"ताई, तुम्ही त्यांच्याकडच्याच ना? मग जरा सांगा, सोडायला खोल पाणी कुठं आहे?"

"माझ्याकडं द्या," परवीन म्हणाली. तिनं दोन्ही हात पुढं केले. हात चिखलानं भरलेले होते. "पाया पडते तुमच्या. माझ्याकडं द्या."

गृहस्थांनी बादली छातीशी धरली. कासव आपल्याच हातानं सोडायचं, असं ते घरून ठरवून आले होते.